लेऑफ झालाय, कंपनीचे वकील म्हणतात आम्ही तुमचे नाही. नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणारे ६० दिवस नेमके कुठून मोजायचे?

सांगलीकर_टेक्सास

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो, २०१३ साली एच-१बी वर (कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर) आलो, तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती, आता ती इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे आणि ऑगस्टमध्ये २१ ची होईल. माझं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) ईबी-२ गटातून २०१६ ला अप्रूव्ह झालंय, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) २०१५ ची, म्हणजे एच-१बी ची सहा वर्षांची मर्यादा कधीच संपली आणि त्या आय-१४० च्या जोरावरच तीन-तीन वर्षं वाढवून मिळतायत. बायको एच-४ (एच-१बी वाल्याच्या बायकोमुलांचा व्हिसा) ईएडी (कामाचा परवाना) वर एका डेंटल ऑफिसात काम करते.

१२ जानेवारीला सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल झाला आणि आमची अख्खी टीम गेली. कॉल संपायच्या आत लॅपटॉप लॉक. पगार २३ जानेवारीपर्यंत मिळणार, त्यानंतर दहा आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी गेल्याची भरपाई). माझा हिशोब असा की सेव्हरन्स ३ एप्रिलला संपतो, त्यापुढे ६० दिवस, म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत वेळ आहे. बरोबर आहे ना?

दुसरं म्हणजे, ज्या वकील बाईंनी नऊ वर्षं माझी सगळी केस बघितली, मुलीच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनला ज्यांनी अभिनंदनाची मेल पाठवली होती, त्यांना मी मेल केली तर दोन ओळींचं उत्तर आलं की आमची क्लायंट कंपनी आहे, तुम्हाला वैयक्तिक सल्ला देता येणार नाही. खरं सांगतो, नोकरी गेल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. मी त्यांना आपलाच वकील समजत होतो. माझे सगळे कागद त्यांच्या पोर्टलवर आहेत आणि पोर्टलचं लॉगिन कंपनीच्या ईमेलचं, ते बंद झालंय. आता काय करू? घरी सांगलीला आईला अजून सांगितलेलं नाही.

पहाटवारा

दादा, आधी तो जूनचा हिशोब डोक्यातून काढून टाका. सेव्हरन्स ६० दिवसांत धरत नाहीत. मी २०२३ मध्ये याच रांगेत होतो आणि मीही नेमकी हीच चूक केली होती, वेळेत कळलं म्हणून वाचलो. ६० दिवस मोजायचे ते नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि यूएससीआयएस (इमिग्रेशन खातं) साधारणपणे नोकरीचा शेवटचा दिवस धरतं तो ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो दिवस. तुमच्या बाबतीत २३ जानेवारी धरला तर २४ मार्चला संपले. पण काही वकील म्हणतील की तुम्ही काम शेवटचं १२ तारखेला केलंत, पुढचे दिवस नुसते पगारावर होतात, तर सुरक्षित म्हणून १२ पासून धरा, मग १३ मार्चलाच संपतात. माझ्या वकिलाने मला आधी येणारीच तारीख धरायला लावली होती. फ्रिजवर मोठ्या अक्षरात १३ मार्च लिहून ठेवा.

आणि धीर धरा. मला ५१ व्या दिवशी ऑफर आली होती. त्या दीड महिन्यात रात्री दोनदोनदा उठून कॅलेंडर बघायचो.

जर्सीची_पॅरालीगल

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन ऑफिसात सात वर्षं पॅरालीगल होते, आता दुसरं काम करते. मी वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नको, आतून जे बघितलं ते सांगतेय म्हणून वाचा.

त्या बाईंचं तुम्हाला लागलं हे मी समजू शकते, कारण टेबलाच्या पलीकडे बसून मी तशा मेल स्वतः टाईप केल्यात. घडतं असं की एच-१बी पिटिशन असो, पर्म (ग्रीन कार्डाआधीची कामगार खात्याची मंजुरी) असो नाहीतर आय-१४०, अर्जदार कंपनी असते, आपण फक्त लाभार्थी. जी-२८ नावाचा जो फॉर्म वकील लावतात, की मी अमुक व्यक्तीच्या वतीने उभा आहे, तो पिटिशनमध्ये कंपनीच्या नावाने जातो. पर्मचा वकिलाचा खर्च तर कायद्यानेच कंपनीने करायचा असतो, २००७ पासून तो कामगाराकडून घेता येत नाही. फी देणारी कंपनी, सही करणारी कंपनी, पण कागद मागायला फोन आपल्याला, लग्नाचा दाखला आपला, मुलांचे जन्मदाखले आपले, दरवर्षी बोलणं आपल्याशी, म्हणून नऊ वर्षांत ते घरच्यासारखं होतं. चांगले वकील पहिल्याच दिवशी लेखी सांगतात की दोघांचं हित वेगळं झालं तर आम्ही काय करू. लेऑफ झाला की हित वेगळं झालंच, कारण आता त्याच ऑफिसला कंपनीतर्फे यूएससीआयएसला पत्र पाठवायचंय की हा माणूस आमच्याकडे नाही, पिटिशन मागे घेतोय. एकाच हाताने ते पत्र लिहायचं आणि दुसऱ्या हाताने तुम्हाला वाचवायचं हे त्यांना बार असोसिएशनच्या नियमानेच करता येत नाही. बाई वाईट नाहीत, पण त्या तुमच्या कधीच नव्हत्या, आणि हे तुम्हाला नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. माझं हे मत ठाम आहे की ज्या दिवशी पर्म सुरू होतं त्या दिवशी माणसाने एकदा स्वतःच्या खिशातून तासभराचे पैसे भरून दुसऱ्या वकिलाला भेटावं. आमच्याकडे तासाचे दोन-तीनशे डॉलर घ्यायचे. लोक गाडीच्या टायरला त्याहून जास्त घालवतात आणि इथे सगळं घरदार ज्याच्यावर उभं आहे त्याला मागेपुढे बघतात.

आता कागद. लॉगिन गेलं तरी कागद मागायचा हक्क गेला नाही. वकिलांना आणि एचआरला दोघांनाही साध्या भाषेत मेल करा की माझ्या सगळ्या आय-७९७ च्या आणि आय-१४० च्या अप्रूव्हल नोटीसची प्रत हवी आहे, आणि शक्य असेल तर मंजूर झालेल्या पर्मची. बऱ्याच कंपन्या देतात. नाही दिली तर यूएससीआयएसकडे माहितीच्या अधिकारातला अर्ज करता येतो, आपल्याकडच्या आरटीआयसारखाच, ऑनलाइन होतो, वेळ लागतो पण आय-१४० ची प्रत तिथून मिळते. नवीन कंपनीच्या वकिलाला प्रायॉरिटी डेट जुनी ठेवण्यासाठी तो कागद लागतो. आणि ही एक गोष्ट बहुतेकांना सुचत नाही, जुन्या मॅनेजरकडून अनुभवाचं पत्र आजच्या आज मागा, तुम्ही कधीपासून कधीपर्यंत काय काय काम केलंत, कोणती टेक्नॉलॉजी वापरलीत. नवीन कंपनीला पर्म परत पहिल्यापासून करावं लागणार, तेव्हा ते पत्र लागतं, आणि चार वर्षांनी तो मॅनेजर कुठे असेल कोण जाणे. तोही लेऑफ झाला असेल तर आत्ता तो तुमच्यासाठी नक्की सही करेल.

आय-१४० ची भीती बाळगू नका. अप्रूव्ह होऊन १८० दिवस होऊन गेले की कंपनीने ते मागे घेतलं तरी तुमची २०१५ ची तारीख आणि त्यावर एच-१बी वाढवून मिळण्याचा आधार शाबूत राहतो (त्यात फसवणूक किंवा मूळ मंजुरीतच मोठी चूक निघाली तर गोष्ट वेगळी). हा नियम जानेवारी २०१७ पासूनचा, ६० दिवसांचा ग्रेस पिरियड त्याच नियमातून आला. त्याआधी लेऑफ झाला की दुसऱ्या दिवसापासून माणूस स्टेटसबाहेर, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना विचारा.

आणि आजच करायचं काम, आधी जेवून घ्या पण झोपायच्या आत करा, तिघांचंही आय-९४ (इथे कधीपर्यंत राहता येईल ती नोंद) सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) साइटवरून काढा आणि त्यावरची तारीख बघा. ग्रेस पिरियड म्हणजे ६० दिवस किंवा आय-९४ संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. भारतातून परत येताना पासपोर्ट संपत आला असेल तर विमानतळावरचा ऑफिसर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, व्हिसा पुढचा असला तरी. लोक पासपोर्ट नवीन करतात आणि आय-९४ विसरतात. माझ्या सात वर्षांत सगळ्यात जास्त रडणं मी याच एका कारणाने बघितलं.

फ्रीमाँटवाला

बी-२ (पर्यटक व्हिसा) टाका आणि निवांत व्हा. आमच्या ऑफिसात तिघांनी तेच केलं. ५९ व्या दिवशी आय-५३९ (स्टेटस बदलायचा किंवा वाढवायचा अर्ज) भरला, तो पेंडिंग असेपर्यंत इथे राहता येतं, नोकरी शोधता येते, इंटरव्ह्यू देता येतात. यूएससीआयएसने स्वतःच सांगितलंय की बी वर असताना इंटरव्ह्यू चालतात.

जर्सीची_पॅरालीगल

फ्रीमाँटवाला, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण निवांत हा शब्द मला पटत नाही. बी-२ पेंडिंग असताना राहता येतं, काम मात्र अजिबात करता येत नाही. ६० दिवसांच्या आत नवीन कंपनीने एच-१बी फाइल केलं तर पावती पडल्यापासून काम सुरू करता येतं, हीच पोर्टेबिलिटी. ६० दिवस उलटून तुम्ही बी-२ च्या भरवशावर बसलात तर नवीन पिटिशन मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं, प्रीमियम (जास्त फी भरून लवकर निकाल) केलं तरी १५ कामाचे दिवस, आणि बऱ्याच कंपन्या तेवढं थांबत नाहीत. शिवाय आधी ते बी-२ बघतात, ते नाकारलं तर एच-१ मधला बदलही नाकारला जातो आणि मग देशाबाहेर जाऊन स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का) करून या म्हणतात. पूर्वी हे त्रासाचं होतं एवढंच, आता बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी साठी कंपनीने एक लाख डॉलर भरायच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर त्याचा अर्थ बदललाय. इथेच राहून स्टेटस बदललं किंवा वाढवलं आणि ते मंजूर झालं तर तो लाख लागत नाही, पण बदल नाकारला गेला तर लागू शकतो. कुठली कंपनी एका माणसासाठी तेवढे भरेल? त्यामुळे बी-२ हा शेवटचा आडोसा म्हणून ठेवा, पहिला नको. आणि ५९ व्या दिवसापर्यंत कुणीही थांबू नका, चेक चुकीचा लिहिला म्हणून पाकीट परत आलेलं मी बघितलंय.

मिशिगनची_आई

मी मुलीबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे हे झालंय. २१ पूर्ण झाले की एच-४ संपतं, त्यात दुसरा अर्थ नाही. सीएसपीए नावाचा २००२ चा कायदा आहे, त्यात आय-१४० जेवढे दिवस पेंडिंग होतं तेवढे वयातून वजा करतात, पण त्याचा उपयोग तुमची प्रायॉरिटी डेट करंट झाली (रांगेत नंबर आला) तरच. आणि ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएसने त्यासाठी व्हिसा बुलेटिनचा (रांगेच्या तारखांच्या मासिक पत्रकाचा) फायनल अ‍ॅक्शनचा तक्ता धरायला सुरुवात केली, आधी फाइलिंगच्या तारखांचा धरत होते, त्यामुळे काठावरची कितीतरी मुलं बाहेर पडली. आमचा मुलगा त्यातलाच.

तेव्हा ऑगस्टची वाट बघू नका. तुम्ही आत्ता ग्रेस पिरियडमध्ये आहात म्हणजे तीही आहे, तिचा एच-४ तुमच्या एच-१ ला बांधलेला आहे. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात तिला उद्याच जाऊ दे, ती अठराच्या वर आहे, स्वतःच सही करेल. आय-२० (कॉलेजचं विद्यार्थी व्हिसासाठीचं पत्र) घ्यायचा, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) ३५० डॉलर फी भरायची आणि आय-५३९ वर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) मध्ये बदल मागायचा, तिचं एच-४ जिवंत असताना. पूर्वी निर्णय येईपर्यंत मधल्या दिवसांसाठी परत परत अर्ज भरावे लागायचे, २०२१ पासून ते लागत नाहीत, फाइल करताना स्टेटस असलं की झालं. फी इन-स्टेट राहते की आऊट-ऑफ-स्टेट होते हे राज्याराज्यात वेगळं आहे, ते कॉलेजलाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. निर्णय येईपर्यंत तिला भारतात पाठवू नका, अर्ज सोडून दिल्यासारखं धरतात.

आणखी एक, हे कायद्याचं नाही. तिला सगळं सांगा. आम्ही मुलापासून लपवलं होतं, परीक्षा आहेत म्हणून. त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं आणि तो मला म्हणाला, आई, मी दुसरीत असल्यापासून इथे आहे आणि मी पाहुणा आहे हे मला सगळ्यात शेवटी कळतंय. मला ते अजून विसरता येत नाही. आता तो एफ-१ वर आहे, ज्या गावात लहानाचा मोठा झाला तिथेच इंटरनॅशनल स्टुडंट.

पहाटवारा

अजून एक सावध करतो. लेऑफची बातमी पसरली की फोन यायला लागतात, आमच्याकडे या, पेरोलवर दाखवतो, तुम्हीच पैसे भरा आणि आम्ही पे-स्लिप काढून देतो. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा असे नंबर फिरतात, चांगल्या मनाने फॉरवर्ड केलेले. अजिबात नको. नसलेल्या नोकरीच्या स्लिप लावणं म्हणजे सरकारला खोटं सांगणं, आणि तो डाग एकदा लागला की जन्मभर व्हिसा अडतो, ६० दिवस काय, सहाशे दिवस मिळाले तरी मग उपयोग नाही. आणि वकील निवडताना स्टेट बारच्या साइटवर नाव टाकून लायसन्स चालू आहे का बघा. इमिग्रेशन कायदा फेडरल आहे, त्यामुळे वकील कुठल्याही राज्याचा चालतो. "कन्सल्टंट" चालत नाही.

नवीन कंपनीला विचारायचा एक प्रश्न, गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे याच कामाच्या लोकांचा लेऑफ झालाय का. झाला असेल तर काढलेल्या अमेरिकन कामगारांना आधी कळवून त्यांचा विचार करावा लागतो, त्यामुळे पर्म महिनोन् महिने अडकतं. तुमच्याकडे आय-१४० आहे म्हणून लगेच बिघडत नाही, पण माहीत असलेलं बरं.

सांगलीकर_टेक्सास

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जर्सीच्या ताईंनी सांगितलं म्हणून तिघांची आय-९४ काढली. माझी आणि मुलीची तारीख पुढच्या वर्षीची आहे. बायकोची २ मार्च २०२६. गेल्या हिवाळ्यात तिचे वडील आजारी म्हणून ती एकटी मिरजेला जाऊन आली, तेव्हा जुना पासपोर्ट होता, परत आल्यावर ह्यूस्टनहून नवीन करून घेतला आणि आम्ही समजलो झालं काम. मी जून धरून बसलो होतो, १३ मार्च ऐकून घाबरलो, आणि खरी तारीख २ मार्च निघाली.

जर्सीची_पॅरालीगल

बघितलंत हे फार बरं झालं. आता २ मार्च हीच सगळ्या घराची तारीख धरा. ऑफर आली तर नवीन कंपनीच्या एच-१ बरोबरच तिच्या एच-४ चा आय-५३९ आणि ईएडीचा अर्ज एकदम जाऊ द्या, २ मार्चच्या आत. तिच्या ईएडी कार्डावर कुठली तारीख आहे तीही बघा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्यूअलला ५४० दिवसांची आपोआप वाढ मिळत नाही, त्यामुळे तिची नोकरी मध्ये काही महिने थांबेल हे धरून घरखर्च मांडा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ऑफर नाही तर मग बी-२ चा अर्ज, तोही तिच्या तारखेच्या आधी. आणि कम्पेलिंग सर्कमस्टन्सेस ईएडीबद्दल (फारच अडचणीच्या परिस्थितीत मिळणाऱ्या कामाच्या परवान्याबद्दल) वकिलाला नक्की विचारा, तुमचं आय-१४० मंजूर आहे आणि तारीख करंट नाही म्हणजे दार उघडं आहे, मुलीच्या कॉलेजचे आणि घराच्या कर्जाचे कागद त्यात पुरावा म्हणून चालू शकतात. पण ते घेतलं की एच-१ चं स्टेटस सुटतं आणि परत एच-१ वर यायला बहुतेक बाहेर जाऊनच यावं लागतं, म्हणून वकिलासमोर बसून ठरवा.

घरी परत जायची वेळ आलीच तर एच-१बी वाल्याच्या परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. फक्त तुमचा, घरच्यांचा नाही. आत्ता सही करायला दिलेल्या सेव्हरन्सच्या कागदात तो हक्क सोडून दिल्याचं वाक्य आहे का हे सही करायच्या आधी वाचून घ्या.

सांगलीकर_टेक्सास

सेव्हरन्सवर अजून सही केलेली नाही, सात दिवस आहेत. शुक्रवारी चार वाजता स्वतःच्या पैशाने वकिलाची वेळ घेतलीय, बायको आणि मुलगी दोघीही बरोबर येणार. मुलीला काल सगळं सांगितलं. तिने काही न बोलता माझ्या हातातून वही घेतली, तिघांची नावं, पासपोर्ट, आय-९४ च्या तारखा असा तक्ता केला आणि म्हणाली आय-२० चं मी बघते, बाबा तुम्ही इंटरव्ह्यूची तयारी करा. आज सकाळी ती त्या ऑफिसात जाऊन आलीसुद्धा. जुन्या मॅनेजरने पत्राचा मसुदा मागितलाय, तो आता लिहायला बसतोय. आईला रविवारी फोन करेन.